लिग्नोकेन की आर्टिकेन? नवा दातांचा दवाखाना टाकणाऱ्यांसाठी

वरची दाढ काढताना पेशंट सगळ्यात जास्त कळवळतो तो टाळूतल्या सुईला. दात काढण्याआधी जागा बधिर करायला लिग्नोकेन वापरावं की आर्टिकेन, हा प्रश्न माझ्यापुरता तिथेच सुटला.

टाळूचं आवरण हाडाला घट्ट चिकटलेलं असतं. औषध मावायला जागाच नसते, त्यामुळे पिस्टन कितीही हळू दाबला तरी ताण बसतो आणि डोळ्यांत पाणी येतं. लिग्नोकेन गालाच्या बाजूने दिलं तरी टाळू जागाच राहतो, म्हणून ही दुसरी सुई टळत नाही. द्राक्षांच्या हंगामात निफाड-दिंडोरीकडचे लोक कामं टाकून येतात, दाढ एकाच खेपेत काढून घ्यायची असते. दुखण्यापेक्षा त्या सुईचीच धास्ती घेऊन पुढची तारीख टाळणारे मी बरेच पाहिले आहेत.

आर्टिकेन गालाच्या बाजूने द्यायचं, नेहमीपेक्षा थोडं जास्त थांबायचं आणि प्रोबने (टोकदार दातसळईने) टाळू तपासायचा. माझ्याकडे बऱ्याच जणांना मग टाळूत सुई लागत नाही. सगळ्यांनाच असं होतं असं म्हणणार नाही, आणि अभ्यासांमध्येही यावर एकमत नाही. तपासल्यावर टोचलेलं कळत असेल, तर सरळ टाळूत थोडं द्यावं. तेव्हाही हिरडी आधीच अर्धी बधिर झालेली असते, त्यामुळे पेशंट निभावून नेतो.

असं का होतं? नसेतून वेदनेचा संदेश पुढे नेणाऱ्या सोडियम वाहिन्या दोन्ही औषधं सारख्याच रीतीने बंद करतात. पण आर्टिकेनमध्ये बेंझीनऐवजी थायोफीनचं (गंधक असलेलं) कडं आहे. त्यामुळे ते चरबीत जास्त विरघळतं आणि हाडातून पलीकडे झिरपतं, असं मानलं जातं. मला वाटतं, त्यात काही वाटा आर्टिकेनच्या ४ टक्के या प्रमाणाचाही असावा. आपली लिग्नोकेनची बाटली २ टक्क्यांचीच असते. खालच्या पहिल्या दाढेलाही नुसत्या गालाकडच्या इंजेक्शनने आर्टिकेन जास्त उपयोगी पडतं, हे मात्र अभ्यासांतून बऱ्यापैकी पुढे आलं आहे.

दुसरी जमेची बाजू म्हणजे ते शरीरातून लवकर निघतं. आर्टिकेनच्या साखळीत एस्टर (रक्तातल्या एन्झाइमने तुटणारा जोड) आहे, त्यामुळे त्याचं विघटन बहुतांशी रक्तातच होतं. अर्धायुष्य, म्हणजे रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ, साधारण २० ते ३० मिनिटं. लिग्नोकेन यकृतावर अवलंबून असतं आणि त्याला दीड तास किंवा त्याहून जास्त लागतो. लिव्हरचा त्रास असलेल्या पेशंटच्या बाबतीत मला याचा आधार वाटतो.

पण हिशेब सांभाळा. आर्टिकेनच्या १.७ मिलीच्या एका कार्ट्रिजमध्ये (सिरिंजमध्ये बसणाऱ्या काचेच्या नळीत) ६८ मिलिग्रॅम औषध असतं. किलोला ७ मिलिग्रॅम ही मर्यादा धरली तर ५० किलोच्या माणसाला पाच कार्ट्रिज झाल्या की थांबायचं. ॲड्रेनलिनसह (औषध जागेवर जास्त वेळ टिकवणारी जोड) लिग्नोकेनचीही मर्यादा तीच, पण २ टक्क्यांचं द्रावण असल्याने ते १७ मिलीपर्यंत चालतं. बाटलीची सवय असलेल्या हाताला हा फरक चटकन लक्षात येत नाही.

लिग्नोकेन मी टाकून दिलेलं नाही. १९४३ मध्ये स्वीडनमध्ये बनलेलं आणि १९४८ पासून बाजारात असलेलं हे औषध. त्याच्या बऱ्यावाईटाचा इतका अनुभव आर्टिकेनच्या गाठीशी अजून नाही. खालच्या जबड्याच्या ब्लॉकला, म्हणजे मुख्य नसच बधिर करणाऱ्या इंजेक्शनला, मी आजही तेच देतो. ४ टक्क्यांच्या औषधांनी ब्लॉक दिल्यावर जीभ किंवा ओठ दीर्घकाळ बधिर राहिल्याच्या नोंदी आहेत. असं क्वचितच होतं आणि कारणावर वाद आहे, पण जिभेच्या नसेशी खेळ नको. गरोदर बाईलाही लिग्नोकेनच, आणि चार वर्षांखालच्या मुलांना आर्टिकेन द्यायचं नाही. गळू धरलेल्या जागी दोन्ही कमी पडतात, कारण तिथल्या आम्लात औषध नसेत शिरू शकत नाही.

खर्चाचं म्हणाल तर कार्ट्रिज महाग आहे आणि तिची सिरिंजही वेगळी घ्यावी लागते. दिवसभर खालच्याच दाढांची कामं असतील तर हा खर्च परवडणार नाही. पण वरच्या दाढा आणि घाबरट पेशंट जास्त असतील, तर मी तरी हे पैसे वाचवणार नाही. नाशिकच्या गोळे कॉलनीतल्या औषधबाजारातून आधी एकच बॉक्स आणा, मुदत बघून घ्या, आणि एप्रिल-मेमध्ये उन्हाच्या खिडकीपासून लांब ठेवा. ॲड्रेनलिन उष्णतेने आणि उजेडाने कमकुवत होतं.