बॅटरी रातोरात उतरते? डीसी क्लॅम्प मीटर काही महिने वापरल्यानंतर

क्लॅम्प मीटर म्हणजे वायर न सोडवता तिच्याभोवती जबडा अडकवून करंट मोजणारा मीटर. घेताना एकच गोष्ट नीट बघा: मीटर डीसी अँपिअर मोजतो का? वायरमनकडे असतात ते स्वस्तातले क्लॅम्प मीटर बहुतेक करून फक्त एसी करंट मोजतात. डीसी व्होल्टेज दाखवतात म्हणून गिऱ्हाईक फसतं, आणि गाडीच्या केबलला अडकवला की आकडा हलत नाही. माझा साधारण साडेतीन हजारांचा, फारसं कुणी नाव न ऐकलेल्या ब्रँडचा आहे. पण सगळ्यात खालच्या रेंजला एक मिलिअँपिअरपर्यंत दाखवतो, आणि या कामाला तेच लागतं.

गाडी सेकंडहँड पेट्रोल हॅचबॅक, बॅटरी 35 अँपिअर-अवरची. शनिवार-रविवार उभी राहिली की सोमवारी सेल्फ नुसता टकटक करायचा. बॅटरीवाल्याचं उत्तर तयार होतं, "बॅटरी गेली, नवीन टाका." बॅटरी वर्षाचीही नव्हती, त्यामुळे ते पटलं नाही. नवी टाकली असती तर तीही याच वाटेने गेली असती.

साधा मल्टिमीटर टर्मिनल सोडवून मध्ये जोडता येतो, पण त्यात दोन कटकटी आहेत. टर्मिनल सुटलं की गाडीचे सगळे मॉड्यूल, म्हणजे आतले छोटे संगणक, परत जागे होतात. आणि मोजणी चालू असताना घरातल्या कुणी किल्ली फिरवली तर मीटरचा 10 अँपिअरचा फ्यूज उडालाच. क्लॅम्पला काही सोडवावं लागत नाही. निगेटिव्ह टर्मिनलवरून निघणाऱ्या सगळ्या वायरी जबड्यात घ्यायच्या. काही गाड्यांत बॉडीची आणि इंजिनची अशा दोन असतात, एक बाहेर राहिली तर आकडा खोटा.

बोनेट उघडं ठेवावं लागतं, म्हणून त्याचं लॅच स्क्रूड्रायव्हरने खाली दाबून 'बंद' करून ठेवा, नाहीतर काही गाड्या झोपतच नाहीत, म्हणजे आतले मॉड्यूल बंद होत नाहीत. रिमोट किल्ली घरात. मग अर्धा तास गाडीला हात लावायचा नाही. माझ्या गाडीत सुरुवातीला तीन अँपिअरच्या वर दिसलं, मग पायरी-पायरीने उतरत 0.41 वर येऊन थांबलं. उभ्या गाडीला 20 ते 50 मिलिअँपिअर चालतात. हे आठपट होतं. हिशोब केला तर दिवसाला जवळपास 10 अँपिअर-अवर, म्हणजे दोन दिवसांत अर्ध्याहून जास्त बॅटरी साफ.

इथेच मीटरचा सगळ्यात वाईट गुण कळतो. पंधरा मिनिटांनी तो आपोआप बंद होतो, म्हणजे नेमका गाडी झोपायची वाट बघत असताना, आणि परत चालू केला की झिरो नव्याने मारावा लागतो, म्हणजे करंट नसताना आकडा शून्यावर आणावा लागतो. चालू करताना सिलेक्टचं बटण दाबून धरलं की ही सोय बंद होते, पण मॅन्युअलमधलं ते वाक्य मुंगीच्या अक्षरात आहे. शिवाय झिरो मारून मीटर नुसता उलटा धरला तरी दहा-पंधरा मिलिअँपिअरचा फरक पडतो; पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्रही त्याला कळतं. म्हणून केबलच्या शेजारी, ज्या दिशेत मोजायचं त्याच दिशेत धरून झिरो मारायचा. 400 मिलिअँपिअरच्या गळतीला याने काही बिघडत नाही, पण 30 आणि 45 मधला फरक सांगायचा तर मी यावर पैज लावणार नाही.

गळती कुठल्या फ्यूजवर आहे हे शोधायला फ्यूज उपटू नका, तेवढ्याने झोपलेली गाडी जागी होऊ शकते. फ्यूजच्या डोक्यावर धातूचे दोन उघडे ठिपके असतात, त्यांवर मिलिव्होल्ट मोजायचे. करंट नसेल तर शून्य. माझ्या ऑडिओच्या 15 अँपिअर फ्यूजवर दीड-पावणेदोन मिलिव्होल्ट आले, बाकी सगळीकडे जवळपास शून्य. सोबत आलेले प्रोब त्या ठिपक्यांना जाड पडतात, सुईसारखे वेगळे घ्यावे लागले.

दोषी निघाला आधीच्या मालकाने बसवलेला अँड्रॉइड स्टिरिओ. पिवळी वायर कायम बारा व्होल्टची, लाल किल्लीबरोबर चालू-बंद होणारी. बसवणाऱ्याने दोन्ही एकत्र पिळून टेप गुंडाळली होती, म्हणजे स्क्रीन काळी आणि आतला संगणक रात्रभर जागा. लाल वायर ॲक्सेसरीच्या लाइनला नेली, आकडा 25 मिलिअँपिअरवर आला. खर्च म्हणाल तर थोडी वायर आणि एक फ्यूज होल्डर.

बॅटरी मात्र शेवटी बदलावीच लागली. सारखी पूर्ण उतरल्याने तिच्या प्लेटा सल्फेट धरून बसल्या होत्या: सकाळी 12.5 व्होल्ट दाखवायची आणि सेल्फ मारताच 9 च्या खाली. त्यामुळे बॅटरीवाला अर्धा खरा होता, फक्त क्रम उलटा. नवीनला महिने झाले, पावसाळ्यात आठवडाभर उभी राहूनही पहिल्या सेल्फला चालू.

मीटर आता सोसायटीत फिरतो. एका गाडीत इंजिन बंद असताना अल्टरनेटरच्या जाड वायरवर दीड अँपिअर निघाले, आतला डायोड (करंट उलटा जाऊ न देणारा भाग) गेलेला. शेजारच्या काकांच्या गाडीत फक्त 35 मिलिअँपिअर, म्हणजे दोष काहीच नाही. पण ते गाडी काढतात महिन्यातून एकदा, आणि 35 मिलिअँपिअर तीन आठवड्यांत 17 अँपिअर-अवर खातात. त्यांना मीटर नको, भिंतीवरचा ट्रिकल चार्जर हवा, उभ्या गाडीची बॅटरी हळूहळू भरत ठेवणारा.