पृष्ठभाग की पेशंट? एम.एस्सी. केमिस्ट्रीनंतर दिशा ठरवताना

एम.एस्सी.च्या शेवटच्या सेमिस्टरमधली मुलं हे हमखास विचारतात: पृष्ठभागावरच्या रेणूंवर पीएच.डी. करावी, की क्लिनिकल रिसर्चमध्ये, म्हणजे पेशंटवरच्या अभ्यासात, शिरावं? दोन्हींना संशोधनच म्हणतात, पण दोन्हींकडचा दिवस सारखा जात नाही.

आधी पृष्ठभाग. सोन्याचा पातळ थर दिलेली काचपट्टी थायॉलच्या (सोन्याला चिकटणाऱ्या, गंधक असलेल्या सेंद्रिय रेणूच्या) द्रावणात रात्रभर बुडवून ठेवायची. सकाळी इथेनॉलने धुवायची, नायट्रोजनच्या झोताने वाळवायची आणि वर पाण्याचा एक थेंब सोडायचा. अगदी स्वच्छ सोन्यावर तो पसरला असता. इथे मण्यासारखा टपोरा बसतो, कडेचा कोन शंभर अंशांच्या वर. थर रेणूंचा, एकच, 2 नॅनोमीटरच्या आसपास, आणि तेवढ्याने पाण्याची तऱ्हा बदलली! बोटाचा तेलकटपणा लागला तर पट्टी वाया जाते, पण उद्या नवी करता येते. हे सुख मोठं आहे.

माणसांच्या अभ्यासात 'उद्या नवी' नसते. टाटा मेमोरियलने 1998 पासून मुंबईतल्या झोपडपट्ट्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी व्हिनेगरची तपासणी (तिथे व्हिनेगर लावून रंग बदलतो का ते नुसत्या डोळ्यांनी बघायचं) अजमावली. सुमारे दीड लाख बायका. तपासणी करणाऱ्या जेमतेम दहावीपर्यंत शिकलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका. बारा वर्षांनी हिशेब लागला: या कर्करोगाने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी. तुलनेच्या गटाला तपासणी न देणं योग्य होतं का, यावर पुढे वादही झाला. क्लिनिकल कामात असे प्रश्न टाळता येत नाहीत. संमतीपत्र समोरच्या बाईला तिच्या भाषेत समजेपर्यंत सांगायचं, फॉलो-अपला न आलेल्या पेशंटचं घर शोधायचं, फॉर्ममधली प्रत्येक खाडाखोड सही-तारखेसह करायची. ज्याला हे कारकुनी वाटतं, त्याने या वाटेला जाऊ नये. मला ते या कामाचं हृदय वाटतं.

दोन्हींची गाठ कुठे पडते, ते स्टेंटमध्ये, म्हणजे अरुंद रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या नळीत, बघा. नुसत्या धातूच्या स्टेंटभोवती ऊतक वाढून रक्तवाहिनी पुन्हा अरुंद व्हायची. मग धातूवर पॉलिमरचा लेप आणि त्यात सिरोलिमस हे औषध, हळूहळू झिरपणारं. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या रॅव्हेल चाचणीत 238 पेशंट होते. साध्या स्टेंटच्या गटात 26.6 टक्के लोकांची वाहिनी सहा महिन्यांत पुन्हा अरुंद झाली, लेपवाल्या गटात एकाचीही नाही. सगळे हरखले. पण 2006 च्या सुमारास उशिरा होणाऱ्या गुठळ्यांची चिंता पुढे आली, आणि संशयाचं एक बोट त्याच पॉलिमरकडे गेलं. पुढे पॉलिमर बदलले, काही विरघळणारे आले. लेप सहा महिन्यांत जिंकला होता. त्याची उणीव कळायला वर्षं गेली, आणि ती पेशंटच्या मागे लागलेल्या माणसांनी शोधली.

आता व्यवहार. केमिस्ट्रीच्या पदवीवर क्लिनिकल ट्रायलमध्ये समन्वयक, मॉनिटर, डेटा मॅनेजमेंट अशी कामं मिळतात; नोकरी लवकर लागते. पण उपचारांचा निर्णय आणि ट्रायलची मुख्य जबाबदारी डॉक्टरकडेच राहते, हे आधीच मान्य असू द्या. पृष्ठभागाच्या वाटेला नेट-जेआरएफची परीक्षा, महिना 37,000 रुपयांची फेलोशिप आणि पाचेक वर्षं. पुण्यात एनसीएल, आयसर. मुंबईत आयआयटी, टीआयएफआर, अशा संशोधनसंस्था.

घरी पगाराची तातडी नसेल, तर मी पृष्ठभागच सुचवेन. उपकरणावर हात बसतो तो याच वयात. पस्तिशीनंतर ट्रायलकडे वळलेली माणसं भेटतात, उलटा प्रवास फारसा दिसत नाही. मात्र गाईड निवडताना त्यांचे गेल्या पाच वर्षांतले पेपर काढा आणि सहलेखकांत एखादा हॉस्पिटलचा डॉक्टर आहे का ते बघा. असेल, तर पहिल्याच भेटीत विचारा: त्यांच्या वॉर्डात मला महिन्यातून एकदा जाता येईल का?