ग्रामपंचायतीची सेवा: दाखला वेळेत, नळ रामभरोसे

आमची ग्रामपंचायत यवतमाळ जिल्ह्यात, कापूस-तुरीच्या पट्ट्यात आहे आणि गावकऱ्याला तिच्याकडून मुख्यतः दोन गोष्टी हव्या असतात: कागद आणि पाणी. कागदाच्या परीक्षेत ती चांगल्या गुणांनी उत्तीर्ण होते, पाण्याच्या परीक्षेत दर उन्हाळ्यात नापास होते. एकाच कार्यालयाचे हे दोन निकाल इतके वेगळे का, हे घरपट्टी-पाणीपट्टी भरणाऱ्याने समजून घेण्यासारखे आहे. गावाचे नाव देत नाही. आजूबाजूच्या गावांचे चित्रही फारसे निराळे नाही.

आधी कागदाविषयी. नमुना 8 चा (घराच्या कर आकारणीचा) उतारा, जन्म-मृत्यूचे दाखले, येणे बाकी नसल्याचा दाखला हे सारे आता संगणकावरून निघते आणि कार्यालयातील संगणक केंद्र चालवणारा मुलगा अर्ज हातात पडताच कामाला लागतो. 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमामुळे प्रत्येक सेवेची मुदत ठरलेली असून सबळ कारणाशिवाय ती पाळली नाही, तर संबंधित अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कार्यालयाबाहेरचा मुदतीचा फलक तेवढ्यासाठी तरी वाचावा. उणीव एकच. सचिवांकडे (गावात अजून सचिवच म्हणतात, सरकारी पदनाम आता ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झाले आहे) दोन गावांचा कारभार असल्याने सहीसाठी कधीकधी दुसऱ्या दिवसावर जावे लागते.

पाण्याची गोष्ट वेगळी. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज 55 लिटर पाण्याचा हिशेब धरून नवी पाइपलाइन टाकली गेली, घरोघरी तोट्या बसल्या आणि पहिल्या पावसाळ्यात सारे सुरळीत चालले. उन्हाळ्यात विहिरीवरची मोटार जळाली. ती वाइंडिंगसाठी यवतमाळला गेली आणि मेकॅनिकची मागची उधारी चुकेपर्यंत तिथेच पडून राहिली. तोवर बायाबापड्यांनी हातपंपावर रांगा लावल्या. पंपघरात डोकावल्यास स्टार्टरची उघडी पेटी आणि तिच्यातील चिकटपट्टीने बांधलेल्या वायरी दिसतात. कोपऱ्यात टीसीएल पावडरीची फाटकी गोणी आहे आणि ओल लागून तिच्यातील पावडरीचे खडे झाले आहेत. पाणी निर्जंतुक करायचे ते याच पावडरीने, त्यामुळे आमच्या घरी पाणी उकळूनच पितात.

या दशेला केवळ सरपंच किंवा सचिव जबाबदार आहेत, असे मला वाटत नाही. केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी देशातील ग्रामीण स्थानिक संस्थांना 2,36,805 कोटी रुपयांची शिफारस केली आणि महाराष्ट्रात त्यातील 80 टक्के वाटा ग्रामपंचायतींना देण्याचे ठरले. आकडा ऐकून गाव श्रीमंत झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात त्या निधीत दर 100 रुपयांतील 60 रुपये बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांसाठीच: 30 स्वच्छतेसाठी आणि 30 पिण्याचे पाणी व जलसंधारणासाठी. उरलेले 40 रुपये अबंधित म्हणवतात, पण त्यातूनही पगार आणि आस्थापनेचा खर्च करता येत नाही. शिवाय गावाच्या विकास आराखड्यात नसलेले काम ऐनवेळी घुसवता येत नाही आणि हप्ता हिशेब व लेखापरीक्षण ऑनलाइन चढल्याशिवाय सुटत नाही. या अटी गैर नाहीत, त्यांच्यामुळेच उधळपट्टी आटोक्यात राहते. पण मोटार आराखडा पाहून जळत नाही. अशा वेळी हाताशी लागतो तो ग्रामनिधी, म्हणजे घरपट्टी आणि पाणीपट्टीतून जमलेला गावाचा स्वतःचा पैसा, आणि आमच्याकडे नेमका तोच आटलेला असतो.

तो आटण्याचे कारण गावातच आहे. नमुना 9 म्हणजे कराच्या मागणीची नोंदवही. तिच्यात थकबाकीचा रकाना चालू मागणीपेक्षा जड दिसतो. कापूस विकला गेला की भरू, असे म्हणणारे तूर निघाल्यावरही भरत नाहीत, आणि वसुलीला निघालेला चपराशी चहा पिऊन परततो, कारण ज्याच्याकडे तगादा लावायचा, त्याच्याच मतावर सदस्य निवडून यायचे असतात. निवडणुकीच्या वर्षी मात्र उमेदवारीसाठी येणे बाकी नसल्याचा दाखला लागतो, तेव्हा वर्षानुवर्षांची बाकी एका दिवसात भरणारे पुढारी याच खिडकीवर दिसतात. राज्याच्या मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियानात थकीत घरपट्टीवर 50 टक्के सवलतीचा मार्ग निघाला. त्याने तिजोरीत काही भर पडली असेलही, पण मार्चपूर्वी मुकाट्याने कर भरणाऱ्याला ‘थांबलो असतो तर बरे झाले असते’ असे वाटायला लावणारी ही सवलत होती.

राज्याचा हातही मोकळा नाही. 2025-26 च्या अर्थसंकल्पात राज्यावरील कर्जाचा अंदाज 9 लाख कोटी रुपयांच्या पुढे गेला, आणि तिकडे हात आखडला की पाणी योजनेच्या ठेकेदाराचे देयक लांबते व अर्धवट टाकीचे काम बंद पडते. 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे आणि शेतकरी म्हणून त्याचा लाभ मीही घेतो. पण साऱ्या गावाला पाणी पाजणाऱ्या पंपाचे बिल मात्र ग्रामपंचायतीने भरायचे, हे गणित मला अजून उलगडलेले नाही. 2021 मध्ये पथदिव्यांची बिले थकल्याने महावितरणने राज्यातील अनेक गावांतील दिव्यांची वीज तोडली होती. उद्या तीच पाळी पाण्याच्या पंपावर येऊ शकते.

म्हणून दाखल्यांच्या सेवेला पाचपैकी चार गुण आणि पाण्याला दोन, तेही उन्हाळा वगळून. पाणीपट्टीचे खाते वेगळे ठेवून त्यातील ठरावीक रक्कम केवळ दुरुस्तीसाठी राखावी आणि 1 मेच्या ग्रामसभेत नमुना 9 मधील मोठे थकबाकीदार नावानिशी वाचून दाखवावेत. यासाठी मुंबईहून शासन निर्णय येण्याची वाट पाहावी लागत नाही. नव्याने नळजोडणी घेणाऱ्यांनी अनामत रकमेची नमुना 7 ची पावती मागून घ्यावी, कारण कच्च्या चिठ्ठीवर दिलेले पैसे हिशेबात शोधूनही सापडत नाहीत.