लिबफझर काही महिने वापरल्यावर: क्रॅश थोडे, मेमरीची कटकट फार

लिबफझर हा फझर आहे, म्हणजे फायली थोड्या थोड्या बदलून लायब्ररीला देत राहणारं, चुका शोधणारं साधन; त्याहून जास्त सांगत बसत नाही. चित्रांच्या फायली वाचणारी लायब्ररी जो सांभाळतो, त्याने तो एकदा तरी चालवलेला असतो: क्लँग या कंपायलरने बिल्ड करायचं, अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीत चुकीच्या जागी वाचणं-लिहिणं पकडणारी तपासणी) जोडायचा, वीस ओळींचा हार्नेस (फझरची फाइल लायब्ररीला देणारं फंक्शन) लिहायचा. फुकट आहे, त्यामुळे पैशांची तक्रार नाही. तक्रार आहे ती ‘ओओएम’ (आउट ऑफ मेमरी, म्हणजे मेमरी संपली) या नावाने सुरू होणाऱ्या फायलींच्या ढिगाऱ्याबद्दल.

पीएनजीच्या सुरुवातीला आठ बाइटांची सही, मग लांबी आणि चंकचं (फाइलच्या तुकड्याचं) नाव, आणि त्यानंतर १६ ते २३ या बाइटांत रुंदी-उंची. सीआरसीची तपासणी बंद असताना (त्याबद्दल पुढे) फझरने तिथला एखादा बाइट बदलला की शंभर बाइटांची फाइल स्वतःला अवाढव्य चित्र म्हणवू लागते. डीकोडर (फाइल उलगडून चित्र बनवणारा कोड) तेवढी मेमरी मागतो, लिबफझरची २०४८ एमबीची मर्यादा ओलांडली जाते आणि प्रोसेस थांबते. रात्रभरासाठी लावलेलं काम पहिल्या काही मिनिटांतच आटोपतं. उरलेली रात्र मशीन नुसती वीज खाते.

यावर दोन पळवाटा सर्रास वापरल्या जातात. एक, मर्यादा वाढवायची किंवा शून्य देऊन काढूनच टाकायची. मग फझरऐवजी अख्खी मशीन आडवी होते. दुसरी, फोर्क मोड, म्हणजे काम वेगवेगळ्या उप-प्रोसेसमध्ये चालवणं. त्यात ओओएम आणि टाइमआउट (एका फाइलला मुदतीपेक्षा जास्त वेळ लागणं) दोन्हींकडे दुर्लक्ष करणं हे मुळातच चालू असतं. काम पुढे सरकतं, लॉग स्वच्छ दिसतो आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. ते ठीक नसतं.

पहिल्या महिन्यात या ओओएम फायली कचराच वाटतात. ते मत आता पूर्ण बदललंय. फझर जी फाइल दाखवतो तीच कुणीही लायब्ररी वापरणाऱ्या सर्व्हरवर अपलोड करू शकतो, आणि तिथे २०४८ एमबीला थांबवणारं कुणी नसतं. जेपेगमध्ये रुंदी-उंचीला प्रत्येकी १६ बिट, म्हणजे कमाल ६५५३५. दोन्हींचा गुणाकार ४,२९,४८,३६,२२५. बिनचिन्ही ३२ बिटांत जेमतेम मावतो. तीन चॅनलांनी (लाल, हिरवा, निळा) गुणला की मावत नाही. साइझ ६४ बिटांत मोजली तर साधारण १२.९ जीबीची मागणी होते. ३२ बिटांत मोजली तर आकडा गुंडाळला जातो, रुंदी-उंची तशी जुळली तर खूपच लहान बफर मिळतो, आणि खरा धोका तिथे आहे: ओओएम येतच नाही, डीकोडर बफरबाहेर लिहू लागतो. भर म्हणजे ‘अनडिफाइन्ड’ सॅनिटायझर (सी भाषेत अवैध ठरणाऱ्या क्रिया पकडणारी तपासणी) हे पकडत नाही, कारण बिनचिन्ही आकडा गुंडाळला जाणं सी भाषेत वैध आहे. त्यासाठी अनसाइन्ड इंटिजर ओव्हरफ्लोची तपासणी वेगळी चालू करावी लागते. ती हॅश आणि चेकसमच्या कोडवर नाहक ओरडते, तेवढी फंक्शनं वगळायची.

दुरुस्ती मेमरी मागण्याआधीच करायची. गुणाकार करून तपासू नका, भागाकार करा: शून्य रुंदी आधीच नाकारा, मग कमाल बाइटांना रुंदीने आणि चॅनलांनी भागून येणाऱ्या आकड्यापेक्षा उंची जास्त असेल तर फाइल परत पाठवा. रुंदी आणि उंचीवर वेगवेगळी मर्यादा असून भागत नाही. लिबपीएनजीची मूळ मर्यादा दोन्हींना दहा लाख आहे, म्हणजे कागदावर दहा लाख × दहा लाख पिक्सेल चालतात! एकूण पिक्सेलांवर बंधन हवं. आणि हे बंधन हार्नेसमध्ये घालून मोकळं होऊ नका. बऱ्याच प्रकल्पांत नेमकं तेच दिसतं: फझर शांत झाला, वापरणारे मात्र उघडेच. मर्यादा लायब्ररीच्या एपीआयमध्ये असावी, मुळातच चालू असावी, आणि ज्याला मोठी चित्रं लागतात त्याने ती वाढवून घ्यावी.

ओओएम आटोक्यात आले की टाइमआउट डोकं वर काढतात. लिबफझरची मूळ मुदत १२०० सेकंद आहे, जी चित्रांसाठी हास्यास्पद आहे, २५ करा. दोषी बहुतेक वेळा प्रोग्रेसिव्ह जेपेग (चित्र अनेक फेऱ्यांत, म्हणजे स्कॅनांत, साठवणारा) असतो. एकेक स्कॅन मोजक्या बाइटांचा, पण प्रत्येकासाठी डीकोडर सगळ्या ब्लॉकांवरून फिरतो. लिबजेपेग-टर्बोच्या तिसऱ्या आवृत्तीत स्कॅनच्या संख्येवर मर्यादा घालायची सोय आहे, ५०० पुरे.

पीएनजीत आणखी एक अडचण आहे. प्रत्येक चंकला सीआरसी (डेटा बदललाय का हे ओळखणारा तपासणी-आकडा) असल्यामुळे बदललेली फाइल दारातच अडते आणि कव्हरेज (फझर पोचलेला कोड) वाढत नाही. सीआरसीची चूक दुर्लक्षित करणारा बिल्ड फक्त फझिंगपुरता ठेवा. तरीही झेडलिब या लायब्ररीने दाबलेला डेटा उरतोच. तिथे आधी उलगडून, बदलून, पुन्हा दाबणारा स्वतःचा म्युटेटर (फाइल बदलणारं फंक्शन) लिहावा लागतो. एक दिवसाचं काम, पण त्याचा फायदा फझरला नेहमीचे शब्द पुरवणाऱ्या शब्दकोश फाइलपेक्षा कितीतरी जास्त. नमुना फायली न देता सुरुवात केली तर इनपुटची कमाल लांबी ४०९६ बाइट धरली जाते, हेही ध्यानात ठेवा. लहान, वेगवेगळ्या बिट-डेप्थच्या फायली द्या आणि अधूनमधून मर्ज करून (नवा कोड न गाठणाऱ्या फायली काढून) संग्रह छाटा.

लायब्ररीची चूक कळवताना लोक खरे फोटो पाठवतात. त्यातल्या एक्झिफमध्ये (फोटोसोबत साठवलेल्या माहितीत) जीपीएस असतं. ते फोटो तसेच सार्वजनिक रिपॉझिटरीत टाकू नका. क्रॅश मिनिमाइझ करून उरलेले थोडे बाइट टेस्टमध्ये ठेवा, आधी आत काय उरलंय ते बघून.

मेमरी सॅनिटायझरच्या (न भरलेली मेमरी वाचणं पकडणाऱ्या तपासणीच्या) वाटेला झेडलिबसकट सगळं त्याच फ्लॅगने बिल्ड करायची तयारी असेल तरच जा. नाहीतर खोट्या इशाऱ्यांचा पाऊस पडतो.

फझरने हिरवा कंदील दाखवला म्हणून गाफील राहू नका. लिबवेबपी या वेबपी चित्रांच्या लायब्ररीतली हफमन टेबलची (दाबलेला डेटा उलगडायच्या तक्त्याची) चूक २०२३ च्या सप्टेंबरमध्ये उघड झाली, १.३.२ मध्ये दुरुस्त झाली, आणि ती लायब्ररी त्याआधीपासून नियमित फझ होत होती. त्या टेबलपर्यंत पोचायला कोड-लांब्यांची अचूक जुळणी लागते. आंधळ्या बदलांतून ती सहज बनत नाही. अशा टेबलांचा कमाल आकार हाताने मोजून, बांधणीच्या कोडमध्ये तपासणी घालणं हाच उपाय.

लिबफझरच्या मूळ लेखकांचं लक्ष आता दुसऱ्या साधनाकडे गेलंय. इथे चुका दुरुस्त होतात, मोठी नवी सोय येईल अशी आशा धरू नका. पण हार्नेस वाया जात नाही. तेच फंक्शन एएफएल प्लस प्लस या दुसऱ्या फझरखाली जसंच्या तसं बिल्ड होतं, फक्त मेमरीची मर्यादा तिथे नव्याने ठरवावी लागते.