सण आपल्याकडे, त्यांच्याकडे, की सगळ्यांनी वाटून?

सणाच्या दिवसांत दमायला झालं की आपण कामाला नावं ठेवतो. इतक्या जणांचा स्वयंपाक, इतकी आवराआवर, इतकी खरेदी. पण त्याच घरात कुणीतरी तेवढंच काम करून मजेत असतं आणि कुणीतरी नुसतं खुर्चीत बसूनही थकलेलं दिसतं. बसलेल्याच्या डोक्यात यादी चालू असते. अंथरुणं पुरतील का, धाकट्याचं औषध पिशवीत टाकलं का, काका आले तर जेवण आधी वाढायचं की थांबायचं.

अ‍ॅलिसन डॅमिंगर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 35 जोडप्यांच्या मुलाखती घेऊन 2019 मध्ये या न दिसणाऱ्या कामाचे चार भाग मांडले. काय लागणार हे आधी ओळखणं, पर्याय शोधणं, ठरवणं, आणि ठरलेलं झालं की नाही यावर लक्ष ठेवणं. ठरवण्याचं काम बहुतेक जोडपी मिळून करत होती. पहिलं आणि शेवटचं मात्र जास्त करून बायकांकडे होतं. म्हणजे ‘आम्ही सगळं मिळून ठरवतो’ हे खरं असूनही एकाच माणसाची झोप उडालेली असू शकते.

म्हणून सण कसा करायचा हे ठरवताना मी खर्च आणि मेहनत यांच्या आधी एकच गोष्ट बघते: यादी कोणाच्या डोक्यात राहणार?

| | आपल्या घरी | दुसऱ्यांच्या घरी | वाटून घेऊन |
|---|---|---|---|
| अंगमेहनत | सर्वांत जास्त | कमी, पण सामान आणि प्रवास | मध्यम |
| यादी कोणाकडे | यजमानांपैकी एकाकडे | निम्मी त्यांच्याकडे, मुलांची आपल्याकडे | नीट वाटली तर सगळ्यांकडे. नाहीतर पुन्हा एकाकडेच |
| लहान मुलं | आपली जागा, आपली झोप | नवी जागा, विस्कटलेली झोप | जागा कोणाची त्यावर |
| कंटाळा आला तर | उठून जाता येत नाही | निघता येतं | निघता येतं, यजमान सोडून |

आपल्या घरी

मूल अगदी तान्हं असेल, घरात कुणी आजारी किंवा फार म्हातारं माणूस असेल, तर हा पर्याय दिसतो तेवढा वाईट नाही. बाळाला हलवण्यापेक्षा पाहुण्यांनी हललेलं बरं. शिवाय वेळ आपल्या हातात राहते. ‘दुपारी या, संध्याकाळी सातपर्यंत थांबा’ असं आमंत्रणातच सांगता येतं, आणि ते उद्धट वाटत नाही. उलट लोकांना निघायची वेळ कळली की तेही सुटकेचा श्वास सोडतात.

खरा घोटाळा वेळेच्या अंदाजाचा असतो. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रबंध संपवायला किती दिवस लागतील असं विचारून 1994 साली एक प्रयोग झाला होता. त्यांचा अंदाज सरासरी 34 दिवसांचा होता, प्रत्यक्षात लागले 55. सणाच्या तयारीत आपण अगदी हेच करतो. ‘सकाळी दोन तासांत होईल’ हे वाक्य दरवर्षी म्हणणारी माणसं दरवर्षी पाहुण्यांसाठी दार उघडतात ती ओल्या हातांनी. घरी बोलावणार असाल तर सुचलेल्या पदार्थांतला एक तृतीयांश भाग आधीच खोडून टाका. ‘वेळ मिळाला तर करू’ या यादीत ठेवू नका, कारण तिथं ठेवलं तरी तो डोक्यात राहतोच.

सगळं घरी करायचं की थोडं तयार आणायचं, या वादात मी पडत नाही. ज्याला करताना मजा येते त्याने करावं. दुसऱ्याला मजा येते असं गृहीत धरून मात्र कुणी यादी लांबवू नये.

त्यांच्या घरी

यात मोठा निर्णय मुक्कामाचा. संध्याकाळी परत आलात तर प्रवासाचा शीण असतो, राहिलात तर झोपेचा. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दुपारची डुलकी धरून दिवसाला 10 ते 13 तास झोप लागते आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलांना 9 ते 12 तास, अशी झोपेच्या तज्ज्ञांची शिफारस आहे. भरल्या घरात, गप्पा रंगलेल्या असताना, एवढी झोप मिळत नाही. एक रात्र निभावून जाते. दुसऱ्या रात्रीनंतर जी रडारड सुरू होते तिला ‘हट्टीपणा’ म्हटलं जातं, आणि मग आई-बाप सगळ्यांसमोर शिस्त लावायला जातात. तिथून पुढचा दिवस कसा जातो हे वेगळं सांगायला नको. शाळेच्या वयाच्या आतलं मूल असेल तर माझं मत एका रात्रीच्या मुक्कामाच्या बाजूने आहे, आणि झोपायची खोली कुठली हे जेवणाच्या आधी ठरलेलं असावं.

एकाच दिवशी दोन्हीकडच्या आजी-आजोबांना न्याय द्यायचा म्हणून सकाळी एका घरी आणि संध्याकाळी दुसऱ्या घरी जाणं हा सर्वांत वाईट तोडगा. दोन्हीकडे निम्मं जेवण, दोन्हीकडे ‘एवढ्यात निघालात?’, आणि मधला वेळ गाडीत. त्यापेक्षा एक वर्ष इथे, एक वर्ष तिथे बरं. पहिल्या वर्षी एका घरची तोंडं उतरतात, पण पुढच्या वर्षी त्यांची पाळी आहे हे आधीच ठरलेलं असल्यामुळे दरवर्षीची ओढाताण संपते. दुसरा मार्ग म्हणजे एका घरचा मेळावा चक्क दुसऱ्या दिवसावर ढकलणं. चार दिवसांनी भेटलेली नातवंडं आजीला शिळी वाटत नाहीत.

सगळ्यांनी वाटून

सगळे याच पर्यायाची शिफारस करतात, आणि याचाच सर्वांत जास्त विचका होतो. तो कसा होतो ते बघण्यासारखं आहे.

घरच्या ग्रुपवर मेसेज येतो: ‘वहिनी, मी काय आणू?’

वहिनी लिहिते: ‘काहीही आण गं.’

पाठोपाठ मामा: ‘मदत लागली तर सांगा हं.’ खाली चार अंगठे.

दिवस उजाडतो तेव्हा तिघांनी गोड आणलेलं असतं. प्यायचं पाणी, जास्तीची ताटं, कचऱ्याच्या पिशव्या यांतलं काहीच आलेलं नसतं आणि वहिनी शेजाऱ्यांकडे खुर्च्या मागायला गेलेली असते. आणणं वाटलं गेलं, पण लक्षात ठेवणं तिच्याकडेच राहिलं. ‘काय आणू?’ हा प्रश्न प्रेमाने विचारलेला असला तरी तो विचार करायचं काम परत तिच्याच पदरात टाकतो. ‘मदत लागली तर सांगा’ हेही तसंच. आधी मदत कुठे लागेल ते तिनेच शोधायचं, मग सांगायचं, मग झालं का ते बघायचं. डॅमिंगरबाईंच्या चार भागांपैकी तीन तिच्याच वाट्याला.

म्हणून पदार्थ वाटू नका, अख्खी खाती वाटा. ‘पिण्याचं सगळं तुझं: पाणी, पेले, बर्फ, लहानांचे कप, शेवटी धुणंसुद्धा. किती लागेल ते तूच मोज.’ दुसऱ्याकडे मुलं: त्यांचं जेवण, खेळ, भांडणं सोडवणं. तिसऱ्याकडे नंतरची आवराआवर. ज्याच्याकडे खातं त्याला कुणी आठवण करून द्यायची नाही. एखाद्या वेळी पेले कमी पडतील. पडू देत. यजमानांनी गुपचूप जास्तीचे पेले काढून ठेवले की पुढच्या वर्षी ते खातं परत त्यांच्याकडे आलंच म्हणून समजा.

एक काळजी मात्र घ्यावी लागते. शिजवलेलं अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. वाटून केलेल्या जेवणात प्रवासाचा वेळही त्यात धरायला हवा. म्हणून लांबून येणाऱ्याला कोरडं किंवा न शिजवलेलं द्या आणि गरम पदार्थ जवळच्याकडे.

भेटवस्तू: प्रत्येकाला प्रत्येकाने, की चिठ्ठ्या?

हे नुसतं गणित आहे. आठ जणांनी एकमेकांना वस्तू द्यायची तर 56 वस्तू होतात. चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाने एकालाच द्यायची तर आठ. मधल्या 48 वस्तूंची खरेदी, बांधणी आणि ‘त्याला हे आवडेल का’ ही काळजी वाचते. पैशांचं म्हणाल तर अर्थतज्ज्ञ जोएल वॉल्डफोगेल यांनी 1993 मध्ये विद्यार्थ्यांना विचारलं होतं की मिळालेली भेट तुमच्या लेखी किती किमतीची. उत्तरं खऱ्या किमतीपेक्षा एक दशांशापासून एक तृतीयांशापर्यंत कमी आली. दूरच्या नातेवाइकांच्या भेटींत ही तूट जास्त होती. म्हणजे आत्याने दुकानात तासभर घालवून आणलेली वस्तू भाच्याला आत्याइतकी मोलाची वाटत नाही.

लहान मुलांना तरी भरपूर द्यावं असं आजोबांना वाटतंच. पण अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठात 36 लहान मुलांवर झालेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, समोर 16 ऐवजी चारच खेळणी असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. आलेली खेळणी परत करायची गरज नाही. चार बाहेर ठेवा, बाकीची कपाटात. आजोबा यायच्या दिवशी त्यांचं खेळणं बाहेर असलं म्हणजे झालं.

मग कोणी काय निवडावं?

तान्हं बाळ किंवा घरात आजारपण: आपल्या घरी, कमी माणसं, निघायची वेळ आधी सांगून. दोन घरांची ओढाताण: आळीपाळी. एकच बाई दरवर्षी थकत असेल तर वाटून घ्या, पण खाती अख्खी देण्याची तयारी असेल तरच. ती नसेल तर सरळ बाहेर जेवायला जा. त्यात घरपण थोडं कमी असतं, पण भांडी कुणाच्याच वाट्याला येत नाहीत.

बदल करायचा तर सणाच्या निदान महिनाभर आधी बोला. तयारी सुरू झाल्यावर केलेली सूचना तक्रारीसारखी ऐकू येते. मोठ्यांशी ज्याचे आई-वडील त्यानेच बोलावं. सुनेने किंवा जावयाने नको. आणि ‘आम्हाला झेपत नाही’ असं मोघम बोलण्यापेक्षा पर्याय घेऊनच जावं: ‘आई, यंदा आम्ही शनिवारी सकाळी येतो, रविवारी जेवून निघतो. आल्यावर दोन्ही जेवणांचं आमच्याकडे. तू फक्त माणसं किती ते सांग.’ आई म्हणेल, ‘अरे, एवढं कशाला?’ तेव्हा माघार घेऊ नका. माणसं किती, तेवढंच पुन्हा विचारा.