स्पर्श इंग्रजीत लिहिताना: विशेषण, उपमा की क्रियापद?

दिवाळी जवळ आली की इंदूरच्या मराठी घरांतून मला एकाच तऱ्हेचं काम येतं. कुणी महेश्वरी साड्या परदेशी पाठवायला लागलेलं असतं, कुणी अनारसे-शंकरपाळ्यांचे डबे. फोटो छान काढलेले असतात, खाली इंग्रजीत चार ओळी हव्या असतात. फोटोत सगळं येतं, फक्त हाताला आणि जिभेला काय लागतं ते येत नाही. ते शब्दांनीच द्यावं लागतं, आणि तिथेच ‘सॉफ्ट’, ‘सिल्की’, ‘क्रिस्पी’ यांच्यापुढे गाडी सरकत नाही.

इंग्रजीत सुखद स्पर्श लिहायच्या मुख्य वाटा तीन. नेमकं विशेषण शोधायचं, कशासारखं आहे ते सांगायचं, किंवा हाताशी-दाताशी नेमकं काय घडतं ते क्रियापदानं दाखवायचं. माझा कल तिसरीकडे आहे, पण पहिल्या दोन टाकाऊ नाहीत. कुठे काय चालतं ते बघू.

विशेषणाची वाट आपल्याला सोपी वाटते, कारण मराठी त्यात श्रीमंत आहे. लुसलुशीत, खुसखुशीत, कुरकुरीत, चुरचुरीत, भुसभुशीत, सुळसुळीत: शब्द उच्चारताच पदार्थ तोंडात येतो. साहजिकच आपण शब्दकोशात त्याचा जोडीदार शोधायला जातो, आणि फसतो. खुसखुशीत म्हणजे ‘क्रिस्पी’ नव्हे. चिवडा क्रिस्पी, शंकरपाळा खुसखुशीत. शंकरपाळ्यात आपण कडकडीत तुपाचं मोहन घालतो, ते तूप पिठाच्या कणांना वेढून बसतं, त्यामुळे ग्लुटेनचे, म्हणजे पिठातल्या चिकट प्रथिनाचे, लांब धागे धरत नाहीत आणि घास चिवट न होता विरतो. इंग्रजी बेकरीत याच गुणाला ‘शॉर्ट’ म्हणतात, ‘शॉर्टब्रेड’ हे नाव त्यावरूनच आलं. पण बेकिंग न करणाऱ्या वाचकाला ‘शॉर्ट’ म्हणजे आखूड. मग मी विशेषण सोडते आणि लिहिते: ‘इट क्रम्बल्स ॲट द फर्स्ट बाइट, देन मेल्ट्स.’ मराठीनं जे विशेषणात ठेवलं, ते इंग्रजीत बहुतेक वेळा क्रियापदात सापडतं. ही एक गोष्ट उमगली की अर्धं काम झालं.

तरी विशेषण हवंच असेल तर शेजारच्या शब्दांमधला फरक नीट पाहा. ‘क्रिस्प’ आणि ‘क्रंची’ एक नाहीत. क्रिस्प पदार्थ पातळ असतो, पहिल्याच चाव्याला उंच आवाजात तुटतो. क्रंची जाड असतो, चावत राहावं लागतं आणि आवाज खालच्या पट्टीतला येतो. हा आवाज केवळ सजावट नाही. 2004 मध्ये मास्सिमिलियानो झाम्पिनी आणि चार्ल्स स्पेन्स यांनी बटाट्याच्या वेफर्सवर प्रयोग केला. खाणाऱ्यांच्या कानांवरच्या हेडफोनमध्ये त्यांच्याच चावण्याचा आवाज वाढवला, विशेषतः त्यातले उंच स्वर, तर तेच वेफर्स लोकांना अधिक कुरकुरीत आणि ताजे वाटले. म्हणून पापड किंवा वेफर्सबद्दल लिहिताना ‘स्नॅप’ हा एक शब्द तीन विशेषणांना भारी पडतो.

दुसरी अडचण शब्दांच्या मनाची. वस्तूचा गुण तोच, पण एक शब्द लाड करतो आणि दुसरा नाक मुरडतो. ‘च्युई’ बरा, ‘रबरी’ वाईट. ‘क्रीमी’ हवासा, ‘ग्रीझी’ नकोसा. इंदूरच्या सराफा बाजारातला भुट्ट्याचा, म्हणजे मक्याचा, कीस आपण कौतुकानं रवाळ म्हणतो; ‘ग्रेनी’ लिहिलंत तर इंग्रजी वाचकाला कस्टर्ड फाटल्यासारखं वाटेल. तिथे मी लिहिलं होतं: ‘द कॉर्न इज ग्रेटेड अँड कुक्ड सॉफ्ट इन मिल्क, बट यू स्टिल फील इट अंडर द टूथ.’ विशेषण एकच, बाकी काम दातानं केलं. ‘मॉइस्ट’ (ओलसर) या शब्दाचंही बघा. केकसाठी तो सर्रास वापरतात, पण इंग्रजी बोलणाऱ्या कित्येकांना तो ऐकायलाही नको वाटतो. या नावडीवर 2016 मध्ये शोधनिबंधसुद्धा निघाला. चॉकलेटच्या केकला चालून जातो, क्रीमच्या जाहिरातीत मी तो टाळते.

उपमेबद्दल थोडक्यात. ‘लाइक सिल्क’, ‘लाइक बटर’, ‘लाइक अ क्लाउड’ या इतक्या वापरून झाल्यात की वाचकाचा हात हलतसुद्धा नाही. आपली घरची उपमा ताजी असते खरी, पण ती सीमेपलीकडे पोचेलच असं नाही. ‘सायीसारखं मऊ’ हे आपल्यासाठी माया. ‘द स्किन ऑन मिल्क’ म्हटलं की तिकडच्या कित्येकांना शहारा येतो, कारण लहानपणी दुधावरची ती साय त्यांनी बाजूला काढून टाकलेली असते. उपमा वापरायचीच तर वाचकाच्या स्वयंपाकघरातली घ्या आणि पानभर मजकुरात एकच.

माझी स्वतःची चूकही सांगते. एका दुकानासाठी मी महेश्वरी साडीखाली ‘सिल्की-सॉफ्ट’ लिहिलं. साडी परत आली. बाईंची अपेक्षा होती अंगावरून घसरणाऱ्या, जड रेशमाची, आणि त्यात त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. या साडीचा ताणा (उभा धागा) रेशमाचा आणि बाणा (आडवा धागा) सुताचा. हातात घेतली की आधी हलकेपणा कळतो, मग किंचित कोरडा गारवा, आणि चिमटीत धरून सोडली की निरी आपोआप बसते. यातलं काहीही ‘सिल्की’मध्ये नाही. नंतर मी लिहिलं: ‘लाइट अँड कूल इन द हँड, द प्लीट्स होल्ड व्हेअर यू प्रेस देम.’ कापडाच्या स्पर्शाला इंग्रजी व्यापारी ‘हँड’ म्हणतात आणि पडण्याला ‘ड्रेप’. हे दोन शब्द कापडवाल्यांनी शिकून ठेवावेतच. चंदेरी साडीबद्दल लिहायचं असेल तर गणित पुन्हा बदलतं. तिच्या रेशमातला नैसर्गिक डिंक काढत नाहीत, म्हणून ती पारदर्शक आणि जरा ताठ असते. तिथे ‘क्रिस्प’ शोभतो, ‘सॉफ्ट’ नाही. (‘टेक्स्चर’ हा शब्द मुळात लॅटिनमधल्या ‘विणणे’ या क्रियापदावरून आलाय. महेश्वरचे माग डोळ्यांसमोर असले की हे फार पटतं.)

आता निवडायचं कसं? डब्यावरच्या लेबलला पाच-सहा शब्दांचीच जागा असेल तर विशेषणच घ्या, पण एकच आणि तपासलेलं. वेबसाइटवर दोन-तीन वाक्यांची सोय असेल तर क्रियापद, डोळे झाकून. वाक्य सुचेना तर वस्तू हातात घ्या, डोळे मिटा आणि बोटांनी क्रमानं काय केलं ते मराठीत पुटपुटा: दाबलं, सरकलं, दुमडलं, तुटलं. इंग्रजी त्यानंतर. गोष्ट किंवा ललित लिहिणाऱ्यानं उपमेला जागा ठेवावी, कारण तिथे वस्तू विकायची नसते, पात्राचं मन दाखवायचं असतं. साय नकोशी वाटणारं पात्र असेल तर ती सायच वापरावी.

अनारशाला मात्र यातली एकच वाट पुरत नाही. वर जाळी, त्यावर खसखस, कड कडक, मध्ये चिवटसर मऊ. ‘क्रिस्पी’ अर्धं खोटं, ‘सॉफ्ट’ अर्धं खोटं. यंदाच्या डब्यावर असं गेलं आहे: ‘लेसी ऑन टॉप. द एज स्नॅप्स, द मिडल पुल्स अ लिटल, अँड द पॉपी सीड्स क्रॅकल लास्ट.’