आठवड्याची प्रश्नावली की मनगटावरचा बँड?

केमो चालू असताना रुग्ण घरी कसा आहे हे कळायला हवं, याबद्दल आता फारसं दुमत नाही. वाद असतो तो साधनाचा. आमच्या विभागात हे ठरवायची जबाबदारी माझ्याकडे आली, तेव्हा दोन्ही प्रकार काही काळ बरोबरीनं चालवून पाहिले. एक, फोनवर दर आठवड्याला भरायची लक्षणांची प्रश्नावली. दुसरा, पावलं, नाडी आणि झोप टिपणारा मनगटी बँड.

पहिल्या भेटीत बँडच जिंकतो. रुग्णाला वाचायचं काही नाही, आठवायचं काही नाही. ‘थकवा किती?’ असं विचारलं की भिडस्त माणूस ‘थोडासा’ म्हणून मोकळा होतो. पावलांना भीड नसते. शिवाय ओपीडीत समोर बसलेल्या माणसाला ईसीओजीचा (रोजची कामं कितपत जमतात हे मोजणाऱ्या श्रेणीचा) १ द्यायचा की २, हा शेवटी आपला अंदाजच. जोडीला घरातल्या हालचालीचा आलेख असला तर अंदाज बराच सुधारतो. ऑपरेशननंतर माणूस किती लवकर हिंडूफिरू लागला एवढंच बघायचं असेल, तर मी आजही बँडच देईन.

केमोच्या रुग्णांत मात्र एका गोष्टीनं मला जेरीस आणलं: आलेखातली रिकामी जागा. मंगळवारी दुपारपासून बुधवारी संध्याकाळपर्यंत काहीच नोंद नाही. बँड चार्जिंगला लावून विसरला? हाताला सूज आली म्हणून काढून ठेवला? फोनशी जोडणी तुटली? की उलट्यांनी माणूस इतका गळून गेलाय की बँड कुठं पडलाय याची त्याला शुद्ध नाही? कारण कुठलंही असो, पडद्यावर दिसतं एकच. त्यातून दिवसाची बेरीज तेवढी हाती आली, तर टेबलावर पडून राहिलेला बँड आणि अंथरुणाला खिळलेला माणूस यांची पावलं सारखीच भरतात. संशोधनात हे जास्तच बोचतं, कारण नोंदी गळतात त्या बहुधा तब्येत बिघडलेल्या दिवसांच्याच. उरलेल्या दिवसांची सरासरी काढली की रुग्ण कागदावर आहे त्याहून ठणठणीत दिसतो.

केमोसोबत दिल्या जाणाऱ्या डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची गंमत वेगळीच. त्यानं झोप उडते, माणूस रात्री घरात येरझाऱ्या घालतो आणि बँडच्या लेखी तो दिवस झकास जातो! कंपनीनं अभ्यास चालू असताना सॉफ्टवेअर बदललं तर पावलं मोजण्याची पद्धतही बदलू शकते, हे आणखी एक दुखणं.

प्रश्नावलीतही गळती आहेच. लोक कंटाळतात, कुणी घरच्यांकडून भरून घेतं, कुणी मागच्या आठवड्याचीच उत्तरं पुन्हा टिचकवतं. पण सोमवारची प्रश्नावली आली नाही की मंगळवारी सिस्टर फोन लावतात, आणि कारण बहुतेकदा त्याच फोनवर कळतं. बँडच्या प्रत्येक रिकाम्या दुपारसाठी असे फोन करत बसणं आम्हाला तरी झेपलं नाही.

पुराव्याच्या बाबतीतही प्रश्नावलीचं पारडं मला जड वाटतं. अमेरिकी कर्करोगतज्ज्ञ ईथन बाश यांच्या चाचणीत पसरलेल्या कर्करोगाचे ७६६ रुग्ण होते. लक्षणं नियमित नोंदवणाऱ्या गटात आयुर्मानाचा मध्यक (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) ३१.२ महिने, नेहमीच्या उपचारांच्या गटात २६. हे निष्कर्ष २०१७ साली आले. पुढं ५२ केंद्रांतल्या १,१९१ रुग्णांच्या मोठ्या चाचणीत आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही, हेही सांगायला हवं. मात्र लक्षणांवरचा ताबा आणि जगण्याची गुणवत्ता तिथंही सुधारली. पहिल्या चाचणीत लक्षण बळावलं की नर्सला ईमेल जात असे. माझ्या मते खरी किमया त्या निरोपामागच्या माणसात आहे, नुसत्या नोंदीत नाही.

शिवाय काही गोष्टी मनगटाला कळतच नाहीत. ऑक्झॅलिप्लॅटिन (बोटं बधिर करू शकणारं केमोचं औषध) घेणाऱ्या एका रुग्णाची पावलं अगदी व्यवस्थित होती. प्रश्नावलीच्या मोकळ्या रकान्यात त्यानं लिहिलं होतं, ‘शर्टाची बटणं लावायला बायको लागते.’ केमोच्या पुढच्या फेरीला डोस कमी करायचा की नाही, ही चर्चा त्या ओळीवरून सुरू झाली. आणि हा बधिरपणा औषध थांबल्यावरही काही काळ वाढू शकतो, त्यामुळे तो वेळेवर कळणं महत्त्वाचं.

प्रश्नावली घ्यायची ठरलीच, तर सगळं विचारण्याचा मोह टाळा. अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटच्या प्रो-सीटीसीएई या संचात ७८ लक्षणांवर १२४ प्रश्न आहेत. त्यातून आपल्या औषधांना लागू पडणारे निवडायचे असतात. सगळेच दिले तर तिसऱ्या आठवड्यात कुणी भरणार नाही.

तुमचा अनुभव वेगळा असू शकतो. झोपेवर किंवा व्यायामावर अभ्यास असेल तर माझं म्हणणं बाजूला ठेवा. आणि अलर्ट बघून फोन करायला माणूसच नसेल, तर प्रश्नावलीचा निम्मा फायदा तिथंच संपतो. मग संशोधनापुरता बँड घ्या, पण संमतीपत्रात ठळक लिहा की हे आकडे रोज कुणी पाहत नाही. मनगटावर काही बांधलं की दवाखान्याचं आपल्यावर लक्ष आहे असं रुग्ण धरून चालतो, आणि अंगात ३८.३ अंश सेल्सिअस ताप असताना फोन न करता सकाळची वाट पाहतो.